भरतीची पाऊणकी

कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या खलाशाला किंवा मासेमाराला भरतीची वेळ विचारली, तर तो आधी तिथी कोणती ते आठवतो. तृतीया असेल तर ‘तीन पाऊणे सव्वादोन’, म्हणजे पूर्ण भरती दुपारी सव्वादोनच्या सुमारास आणि रात्रीही साधारण त्याच वेळेला. अष्टमी असेल तर ‘आठ पाऊणे सहा’. पक्ष शुद्ध की वद्य याने काही बिघडत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते; तीत सहा तास मिळवले की ओहोटीची.

सहावी ते आठवीच्या वर्गात भरती-ओहोटीचा पाठ या हिशेबापासून सुरू करावा, असे आम्हांला वाटते. एरवी तो एका आकृतीपासून सुरू होतो. मध्ये पृथ्वी, तिच्याभोवती पाण्याचा अंडाकृती फुगवटा आणि एका बाजूला चंद्र. चंद्राच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी ओढले जाते व भरती येते, असे वाक्य खाली असते. मुले आकृती काढतात, नावे देतात आणि गुण मिळवतात. पण चंद्र एका बाजूला असताना फुगवटे दोन बाजूंना का, हा साधा प्रश्न फारच थोड्या वर्गांत विचारला जातो. विचारला गेलाच, तर त्याचे उत्तर देताना शिक्षकांचीही अडचण होते. आकृती आधी आली की तिच्याविषयी शंका घ्यायला जागा उरत नाही. आधी वेळा आणि आकडे आले, तर आकृतीला मुलांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते.

त्यासाठी समुद्र जवळ असण्याची गरज नाही. सोलापूर किंवा चंद्रपूरच्या शाळेलाही हे करता येईल. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरांची भरतीची कोष्टके प्रसिद्ध करतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था असे अंदाज संगणकावर उपलब्ध करून देते, आणि मुंबईच्या वृत्तपत्रांतही या वेळा येतात. महिनाभर रोज दुपारच्या बाजूची पूर्ण भरतीची वेळ वहीत लिहावी. शेजारी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी लिहावी. महिना संपला की आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर तिथी आणि उभ्या अक्षावर वेळ घेऊन बिंदू मांडावेत.

बिंदू चढत्या ओळीत बसतात आणि मुलांना दिसते की भरती रोज पाऊण ते एक तास पुढे सरकते. हे का, ते आठवीच्या मुलाला गणिताने काढता येते. अमावास्येला चंद्र व सूर्य आकाशात एकाच दिशेला असतात. ३० तिथींनी पुन्हा तीच स्थिती येते. म्हणजे ३० तिथींत चंद्र सूर्याच्या मागे पूर्ण २४ तास पडतो. एका तिथीला २४ भागिले ३०, म्हणजे ४८ मिनिटे. भरती चंद्राच्या मागे चालते हे आपण न सांगता सिद्ध झाले.

आता चौकस मुलगा विचारेल की ४८ मिनिटे म्हणजे तासाचे चार पंचमांश, मग खलाशांनी पाऊणपट का धरली? आमचा तर्क असा की जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत, चार पंचमांशाचा पाढा मात्र कुणी घोकला नव्हता. पण एवढेच कारण नाही. आलेख नीट पाहिला तर बिंदूंची ओळ सरळ नसते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास भरती रोज ४०-४५ मिनिटांनीच पुढे जाते, अष्टमी-नवमीच्या सुमारास मात्र तासाहून अधिक. मोठी भरती, जिची खलाशाला खरी फिकीर, ती जिथे येते तिथे पाऊणकी चांगली जमते. षष्ठी ते दशमीच्या दरम्यान तास-दीड तासाचीही चूक पडू शकते. शिवाय पौर्णिमेला सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण वाजता, अशी दीड तासाची उडी या हिशेबात आहे. पंधरवड्यात साठलेली चूक तिथे एकदम झटकली जाते. हे सारे मुलांनी आपल्या आलेखातून शोधून काढावे. ओळ सरळ का नाही याचे उत्तर सूर्यात आहे. त्याकडे पुढे येऊ.

दिवसातून दोन भरत्या का, हा या पाठाचा गाभा आहे. काही पुस्तकांत उत्तर असते की चंद्राच्या बाजूला आकर्षणामुळे आणि विरुद्ध बाजूला केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे. हे वाचून मूल पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा विचार करते. पण त्या फिरण्याची केंद्रोत्सारी प्रेरणा चोवीस तास सारखीच असते. तिच्यामुळे विषुववृत्ताची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त झाली आहे, आणि ती तशीच राहते. जे सतत सारखे आहे त्याने येणारी-जाणारी भरती कशी होईल? पृथ्वी आणि चंद्र दोघांच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात त्याचा आधार घेऊन योग्य स्पष्टीकरण देता येते हे खरे, पण शाळेत ते घोटाळ्यालाच कारण होते असा आमचा अनुभव आहे.

त्याऐवजी मैदानावर चला. समोरचे कडुनिंबाचे झाड म्हणजे चंद्र. तीन मुले झाडाच्या दिशेने एका ओळीत, सारख्या अंतरावर उभी करा. पुढचा मुलगा म्हणजे चंद्राकडचे पाणी, मधला म्हणजे घन पृथ्वी, शेवटचा म्हणजे पलीकडचे पाणी. टाळी वाजली की पुढच्याने झाडाकडे पाच पावले टाकायची, मधल्याने चार, मागच्याने तीन. तिघेही झाडाकडेच गेले, मागे कुणीच गेले नाही. आता मधल्याला विचारा की तुझ्या दृष्टीने काय झाले. तो सांगेल, पुढचा माझ्यापासून एक पाऊल पुढे गेला आणि मागचा एक पाऊल मागे पडला. जमीन मधल्या मुलाबरोबर आहे आणि आपण जमिनीवर उभे आहोत. म्हणून आपल्याला दोन्ही बाजूंना पाणी दूर गेलेले, म्हणजे वर आलेले दिसते. पलीकडच्या पाण्याला कुणी ढकललेले नाही. ते मागे राहिले आहे.

पाच, चार, तीन ही पावले सोयीसाठी घेतली. खरे आकडेही वर्गात काढता येतात. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे आणि पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,४०० किलोमीटर. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. केंद्रावरचे आकर्षण १०० मानले तर चंद्राकडच्या बाजूला ते १०३.४ आणि पलीकडे ९६.८ येते. फरक एकीकडे ३.४, दुसरीकडे ३.२. दोन्ही बाजूंचे फुगवटे जवळजवळ सारखे का, याचे उत्तर या आकड्यांत आहे. हा विचार मांडायला न्यूटन लागला. त्याचे ‘प्रिन्सिपिया’ १६८७ सालचे. त्याआधी १६३२ साली गॅलिलिओने भरतीचा चंद्राशी संबंध नाकारून ती पृथ्वीच्या गतींमुळे पाणी हिंदकळल्याने येते असे प्रतिपादन केले होते. त्याच्या हिशेबाने दिवसाला एकच मोठी भरती यायला हवी होती. गॅलिलिओसुद्धा इथे चकला हे मुलांना जरूर सांगावे. त्यांना हुरूप येतो.

याच टप्प्यावर कुणीतरी विचारते, विहिरीला भरती का येत नाही? फार चांगला प्रश्न आहे. चंद्र डोक्यावर असताना त्याच्या भरतीकारक बलाने आपल्या वजनात होणारी घट सुमारे नव्वद लाखांत एक भाग एवढी असते. ६० किलोच्या माणसाचे वजन जेमतेम सात मिलिग्रॅमने, म्हणजे दोन तिळांइतके कमी होते. एवढ्याशा बलाने पाणी वर उचलले जाईल कसे? ते उचलले जातच नाही. चंद्र जिथे तिरपा दिसतो तिथे या बलाचा एक भाग आडवा असतो, आणि आडव्या दिशेला त्याला पृथ्वीच्या आकर्षणाशी झुंजावे लागत नाही. हजारो किलोमीटर पसरलेल्या महासागराचे पाणी या आडव्या ओढीने हळूहळू सरकत एकीकडे जमा होते. विहिरीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओढीत फरक काय पडणार? म्हणून विहीर आणि तळे स्वस्थ राहतात. भरतीला पाणी ‘वर खेचले जाते’ असे आपण सहज म्हणतो. ‘सरकून गोळा होते’ म्हणणे अधिक बरोबर.

आता सूर्य. त्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे २.७ कोटी पट, आणि अंतर सुमारे ३९० पट. ३९० च्या वर्गाने भागले तर १७८ येतात, म्हणजे सूर्य पृथ्वीला चंद्राच्या १७८ पट जोराने ओढतो. मग भरती सूर्याची का नाही? कारण भरती ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते, आणि हा फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. ३९० च्या घनाने भागा: उत्तर सुमारे ०.४६. सूर्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहूनही थोडी कमी. हे एक गणित नववी-दहावीच्या मुलांनी स्वतःच्या हाताने केले तर पुढे ती ‘चंद्र जवळ आहे म्हणून’ एवढ्या उत्तरावर थांबणार नाहीत.

अमावास्या-पौर्णिमेला दोघांचे परिणाम एकमेकांत मिळतात ते उधाण, अष्टमीला एकमेकांना छेदतात तो भांग. हे पुस्तकात असते, त्यावर अधिक लिहीत नाही. अधल्यामधल्या तिथींना सूर्य आपल्याकडे ओढून भरतीची वेळ अलीकडे-पलीकडे करतो. मुलांच्या आलेखातली ओळ वाकते ती यामुळे. मुंबईत सगळ्यांत मोठे उधाण ऐन पौर्णिमेला न येता सहसा एक-दोन दिवसांनी येते, हेही वहीतून दिसेल. दुपारी बाराऐवजी दोन-अडीचला ऊन जास्त तापते, तशातला हा प्रकार आहे.

इथपर्यंत आकृतीतला अंडाकृती फुगवटा सुखरूप आहे. पण आता त्याची परीक्षा घेऊ. पृथ्वी या फुगवट्याखालून फिरते असे आपण सांगतो. विषुववृत्तावर हा वेग ताशी सुमारे १,६०० किलोमीटर. भरती ही एक अतिशय लांब लाट आहे, आणि अशा लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो: खोली गुणिले गुरुत्वत्वरण, त्याचे वर्गमूळ. महासागराची खोली ४,००० मीटर घेतली तर १० गुणिले ४,००० चे वर्गमूळ २००. सेकंदाला २०० मीटर, म्हणजे ताशी ७२० किलोमीटर. लाटेला चंद्राबरोबर धावणे जमतच नाही. वाटेत खंडेही आडवी येतात. तेव्हा पुस्तकातली आकृती समुद्राची नव्हे, बलांची आहे. चंद्र समुद्राला कोणत्या दिशेने आणि किती वेळाने हिंदोळा देतो एवढेच ती सांगते. त्या हिंदोळ्याने प्रत्येक समुद्र आपापल्या आकाराप्रमाणे आणि खोलीप्रमाणे डचमळतो, पाण्याने भरलेला हौद हलवावा तसा.

पुरावा आपल्याच किनाऱ्यावर आहे. केवळ बलांचा हिशेब केला तर चंद्रामुळे मोकळ्या समुद्रात पाण्याची चढ-उतार जेमतेम अर्धा मीटर यायला हवी. उधाणाच्या दिवसांत कोचीला ती एक मीटरच्या आत-बाहेर असते, गोव्याला दोन मीटरच्या आसपास, मुंबईला चार मीटरच्या आसपास आणि खंबातच्या आखातात भावनगरला दहा मीटरपर्यंत. चंद्र सगळ्यांना एकच. फरक आहे तो समुद्रबूड जमिनीचा. केरळसमोर ती साठ-सत्तर किलोमीटर रुंद, तर मुंबईसमोर जवळजवळ तीनशे. या उथळ पसाऱ्यावर भरतीची लाट चढली की तिचा वेग उतरतो आणि उंची वाढते. पुढे खंबातचे आखात नरसाळ्यासारखे अरुंद होत जाते आणि पाण्याला बाजूला सरकायला जागा राहत नाही. लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे येत असल्यामुळे गोव्याची भरती मुंबईच्या आधी होते आणि भावनगरची काही तास नंतर. म्हणून पाऊणकीला प्रत्येक गावाची आपली दुरुस्ती लागते. किनाऱ्यावरच्या शाळेने ती दुरुस्ती स्वतः मोजून काढावी. जेट्टीच्या खांबावर दर अर्ध्या तासाला पाण्याची पातळी नोंदवायची, एवढेच काम आहे. मात्र शिक्षकांनी बरोबर असावे.

याच तऱ्हेच्या नोंदींवर भरतीची कोष्टके उभी आहेत. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जात आहे. हिंदी महासागराच्या परिसरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक आहे. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, भारतीय बंदरांच्या भरतीचे भाकीत करण्यासाठी इंग्लंडमध्ये दंतचक्रे आणि कप्प्यांचे एक यंत्र तयार झाले. चंद्र-सूर्याच्या निरनिराळ्या गतींसाठी एकेक कप्पी, आणि सगळ्यांवरून गेलेली एक दोरी त्यांची बेरीज कागदावर काढी. आज हे संगणक करतो, पण पद्धत मूलतः तीच.

हे ज्ञान मुलांना कशासाठी हवे? पावसाळ्यात मुंबई महापालिका साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस आधी जाहीर करते, आणि लगेच बातम्यांत ‘साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार’ असे छापून येते. ही लाटेची उंची नव्हे. अगदी खालच्या ओहोटीच्या जवळपासची एक पातळी शून्य धरून तिथून मोजलेली ती पाण्याची पातळी आहे. लाटा तिच्यावर वेगळ्या. खरी काळजी पावसाच्या पाण्याची असते. शहरातल्या कित्येक नाल्यांची तोंडे भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरती असेतो पाणी समुद्रात जात नाही, उलट समुद्रच नाल्यात शिरू पाहतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी भरतीही होती. पातळी किती आणि पाऊस किती, हे दोन आकडे वेगळे ओळखणारे मूल बातमी अधिक शहाणपणाने वाचेल.

दुसरी गोष्ट सहलींची. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. अशा दुर्घटनांची कारणे अनेक असतात आणि त्यांचा निवाडा करण्याची ही जागा नाही. पण समुद्रावर सहल नेताना बसची वेळ, नाश्ता, मुक्काम यांची यादी होते आणि भरती-ओहोटीची वेळ त्या यादीत बहुधा नसते, हे आम्ही वारंवार पाहिले आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. ओहोटीला तिथे पायी जाता येते, पाणी चढले की परतीला होडी. तो किल्ला दाखवायचा तर सहल कोणत्या तिथीला काढावी, हा प्रश्न वर्गाला घालावा. पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, तेव्हा ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाला, दोन्ही गैरसोयीच्या. मुंबई-अलिबागकडे उधाण कधीही सकाळी नऊला येणार नाही, ते दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारासच येणार, हे इथे मुलांच्या ध्यानात येते. अष्टमीला ओहोटी दुपारी, पण तो भांग. पाणी पुरेसे उतरेलच असे नाही. पंचमीला भरती पावणेचारला, म्हणून ओहोटी सकाळी पावणेदहाच्या सुमारास. द्वादशीला भरती नऊला, ओहोटी तीनला. मुले यावर भांडतील, भांडू द्यावे. तारीख ठरली की छापील कोष्टकातून त्या दिवसाची वेळ काढावी आणि स्थानिक माणसाला विचारून खात्री करावी. तोंडी हिशेबाची चूक किती असते ते आलेखात दिसलेच आहे, आणि पोरांचे जीव त्यावर सोपवायचे नसतात.

वरच्या वर्गांसाठी आणखी एक धागा. भरतीचे पाणी उथळ समुद्रतळावर घासते, आणि त्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे अतिशय हळूहळू मंदावते. तिने गमावलेली गती चंद्राला मिळते आणि तो दूर जातो. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसरचे किरण सोडून हे मोजले गेले आहे. वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर. १९६३ साली जॉन वेल्स या अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञाने डेव्होनियन काळातल्या, म्हणजे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या, प्रवाळांच्या अंगावरच्या बारीक वाढरेषा मोजल्या. प्रवाळ दिवसाला एक बारीक रेषा घालतो आणि वर्षाचा पट्टा वेगळा ओळखू येतो. एका वर्षात सुमारे ४०० रेषा भरल्या. वर्षाची लांबी बदललेली नाही. तेव्हाही ती आजच्या सुमारे ८,७६६ तासांइतकीच होती. त्या काळी दिवस किती तासांचा होता ते मुलांनीच काढावे.